लोणारचा गुलाबी रंग खरा होता. तुमच्या लग्नाच्या अल्बममधला लाल खरा आहे का?

स्टुडिओतला मॉनिटर कॅलिब्रेट केलेला नसेल तर महागडा कॅमेराही रंग वाचवू शकत नाही. काय असते हे कॅलिब्रेशन, ते कसे करतात आणि छोट्या शहरांतल्या स्टुडिओंनी ते आता मनावर का घ्यायला हवे, समजून घ्या

बुलढाणा : जून २०२०. टाळेबंदीचे दिवस. लोणार सरोवराचे नेहमीचे हिरवट पाणी अचानक गुलाबी झाल्याचे फोटो मोबाइलवरून फिरू लागले. पाहणाऱ्यांची पहिली शंका साहजिक होती : फोटो एडिट केलेला तर नाही ना? एकाच्या मोबाइलवर पाणी फिकट गुलाबी दिसत होते, दुसऱ्याच्या मोबाइलवर तेच बीटाच्या रसासारखे लालभडक.

निकाल लावला तो मोजमापाने. अमेरिकेच्या लँडसॅट-८ उपग्रहाने २५ मे आणि १० जून २०२० रोजी टिपलेल्या प्रतिमा शेजारी ठेवल्या तर पहिलीत सरोवर हिरवे आणि दुसरीत गुलाबी दिसते. वनविभागाने पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरी आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या ‘हॅलोआर्किया’ या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे पाणी गुलाबी झाल्याचे आघारकर संस्थेच्या तपासणीत पुढे आले. नमुना स्थिर ठेवल्यावर हे सूक्ष्मजीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले. म्हणजे रंग खरा होता.

उपग्रहाच्या फोटोवर विश्वास का ठेवायचा आणि व्हॉट्सॲपवरच्या फोटोवर का नाही? कारण उपग्रह आपली मोजणी सतत तपासून घेतो. लँडसॅट-८ वरचे उपकरण ठराविक काळाने प्रमाणित पडद्यावर पडलेला सूर्यप्रकाश पाहते, स्वतःमधले दिवे पाहते आणि महिन्यातून एकदा पौर्णिमेच्या सुमारास चंद्राकडे वळून आपले आकडे पडताळते. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. आपल्याकडच्या फोटो स्टुडिओत मात्र ज्या स्क्रीनवर बसून हजारो फोटोंचे रंग ठरवले जातात, ती स्क्रीन विकत आणल्यापासून एकदाही तपासलेली नसते. प्रश्न इथेच सुरू होतो.

काट्याला शिक्का लागतो, स्क्रीनला का नाही?

खामगाव किंवा मलकापूरच्या बाजार समितीत सोयाबीन, कापूस मोजणाऱ्या काट्याची वैधमापन शास्त्र विभागाकडून ठराविक काळाने पडताळणी करून घ्यावी लागते. शिक्का नसलेल्या काट्यावर शेतकरी माल घालणार नाही. खामगावच्या सराफ्यात चांदी तोळायची तर तिथेही काटा तपासलेला लागतो. हिशेब सरळ आहे : मोजणारे साधनच चुकीचे असेल तर प्रामाणिक माणूसही चुकीचे माप देतो.

फोटो एडिट करणाऱ्यासाठी मॉनिटर हाच काटा. समजा, मेहकरमधल्या एखाद्या स्टुडिओतला तरुण रात्री उशिरापर्यंत लग्नाचा अल्बम तयार करत बसला आहे. कॅमेरा लाखभर रुपयांचा, लेन्स चांगली, हात सराईत. पण मॉनिटरची ब्राइटनेस शंभर टक्के ठेवलेली आणि रंग निळसर झुकलेला. उजळ स्क्रीनवर फोटो उजळच दिसणार, म्हणून तो ते थोडे गडद करतो. निळसर स्क्रीनवर चेहरे थंड वाटतात, म्हणून थोडा पिवळा रंग वाढवतो. त्याच्या डोळ्यांना सगळे बरोबर दिसते. अल्बम प्रिंट होऊन येतो तेव्हा चेहरे काळवंडलेले आणि पिवळट निघतात. ग्राहक स्टुडिओला बोलतो, स्टुडिओ कलर लॅबला बोलतो, लॅब म्हणते फाइलच तशी होती. आणि बहुतेक वेळा लॅबचे म्हणणे खरे असते.

या गोंधळाचा एक सोपा नियम आहे. स्क्रीन ज्या बाजूला खोटे बोलते, त्याच्या उलट बाजूला फोटो बिघडतो. स्क्रीन जास्त उजळ तर प्रिंट काळी. स्क्रीन निळी तर प्रिंट पिवळी. स्क्रीन फिकी तर एडिटर रंग वाढवत जातो आणि प्रिंट भडक येते. शालूच्या बाबतीत हे सर्वांत लवकर कळते. लाल रंग वाढवता वाढवता त्याचा आकडा २५५ या कमाल मर्यादेला टेकला की पुढे काहीच उरत नाही. पदराच्या चुण्या, विणीचा पोत सगळे एका सपाट लाल डागात विरघळून जाते. हळदीच्या फोटोंत पिवळ्याचे तेच होते.

स्क्रीनला रंग कळत नाही, आकडे कळतात

डिजिटल फोटोतला प्रत्येक ठिपका म्हणजे तीन आकडे : लाल, हिरवा आणि निळा. प्रत्येक आकडा ० ते २५५ दरम्यान. या तिन्हींच्या मिळून १ कोटी ६७ लाखांहून जास्त जोड्या होतात. पण ‘लाल २००, हिरवा ३०, निळा ४०’ हा नुसता आदेश आहे. प्रत्यक्ष कुठला लाल उमटेल हे त्या स्क्रीनच्या पॅनेलवर, तिच्या दिव्यावर आणि वयावर अवलंबून असते. एकाच कंपनीचे, एकाच दिवशी घेतलेले दोन मॉनिटरही तंतोतंत सारखे नसतात.

म्हणून एक सामाईक भाषा लागते. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ‘एसआरजीबी’ ही रंगांची चौकट मांडली. १९९९ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. आजही इंटरनेटवरचे बहुतेक फोटो याच चौकटीत असतात आणि बहुतांश कलर लॅबही याच चौकटीतली फाइल मागतात. तिच्यात पांढरा म्हणजे नेमका कुठला पांढरा हेही ठरलेले आहे : सुमारे ६५०० केल्व्हिन, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची चढण कशी असावी हेही ठरलेले आहे. तिला गॅमा म्हणतात आणि तो साधारण २.२ धरला जातो.

मॉनिटर कॅलिब्रेट करणे म्हणजे त्याला या ठरलेल्या मापांवर आणणे. त्यानंतरची पायरी प्रोफाइलची. कॅलिब्रेशन करूनही स्क्रीनमध्ये ज्या चुका उरतात त्यांची नोंद एका छोट्या फाइलमध्ये केली जाते, तिला आयसीसी प्रोफाइल म्हणतात. फोटोशॉप, लाइटरूमसारखी सॉफ्टवेअर ही फाइल वाचतात आणि ‘हा मॉनिटर लाल थोडा जास्त दाखवतो’ हे ध्यानात घेऊन रंग पाठवतात. घड्याळाच्या भाषेत सांगायचे तर कॅलिब्रेशन म्हणजे घड्याळ रेडिओच्या वेळेला लावणे, आणि प्रोफाइल म्हणजे ते रोज किती पुढे जाते याची चिठ्ठी मागे चिकटवणे.

डोळ्यांवर भरवसा का ठेवू नये?

‘वीस वर्षांचा अनुभव आहे, बघूनच कळते’ हे वाक्य अनेक स्टुडिओंत ऐकू येते. अनुभवाचा मान ठेवूनही हे म्हणणे टिकत नाही. माणसाचा डोळा रंग मोजत नाही, तो जुळवून घेतो. पिवळ्या बल्बखाली पांढरा सदरा पांढराच वाटतो आणि ट्यूबलाइटखालीही पांढराच. निळसर स्क्रीनसमोर काही मिनिटे बसले की मेंदू तो निळेपणा वजा करून टाकतो. २०१५ मध्ये एका ड्रेसच्या फोटोने जगभर वाद घातला होता. काहींना तो निळा-काळा दिसत होता, काहींना पांढरा-सोनेरी. ड्रेस प्रत्यक्षात निळा-काळा होता. एकाच स्क्रीनकडे एकाच वेळी पाहणाऱ्या दोघांचेही एकमत होत नव्हते.

खामगावच्या चांदीचे फोटो काढणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. चांदी तटस्थ राखाडी असते, तिला स्वतःचा असा ठळक रंग नसतो. स्क्रीन किंचित जरी झुकलेली असली तरी एडिट केलेले निरांजन दुसऱ्या मोबाइलवर पितळेसारखे पिवळे नाहीतर स्टीलसारखे निळे दिसते. रजतनगरीतला दुकानदार ऑनलाइन ऑर्डर घेत असेल तर हा नुसता सौंदर्याचा मुद्दा राहत नाही, गिऱ्हाइकाच्या विश्वासाचा होतो.

कॅलिब्रेशन करतात कसे?

त्यासाठी कलरीमीटर नावाचे छोटे यंत्र येते. आकाराने तळहातात मावेल एवढे, यूएसबीने संगणकाला जोडायचे आणि स्क्रीनवर टेकवून ठेवायचे. डेटाकलरचे ‘स्पायडर’ आणि कॅलिब्राइटची यंत्रे फोटोग्राफर वापरतात. सॉफ्टवेअर स्क्रीनवर एकामागून एक रंगांचे चौकोन दाखवते, यंत्र ते मोजते, आणि अपेक्षित रंगापेक्षा फरक किती हे काढते. या फरकाला ‘डेल्टा ई’ म्हणतात. तो १ च्या आसपास असेल तर डोळ्यांना जेमतेम कळतो, २ च्या आत असेल तर फोटोच्या कामाला उत्तम. कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी ‘डिस्प्लेकॅल’ हे मोफत सॉफ्टवेअरही अनेक यंत्रांसोबत चालते.

पण यंत्र लावण्याआधीची तयारी जास्त महत्त्वाची आणि ती फुकट आहे :

• मॉनिटर किमान अर्धा तास सुरू ठेवा. थंड स्क्रीनचे मोजमाप भरवशाचे नसते.

• नाइट लाइट, आपोआप कमीजास्त होणारी ब्राइटनेस, ‘व्हिव्हिड’ किंवा ‘गेमिंग’ मोड बंद करा.

• ब्राइटनेस उतरवा. प्रिंटसाठी काम करताना स्क्रीनची उजळता ८० ते १२० निट्स पुरते. नवे मॉनिटर कारखान्यातून याच्या दुप्पट-तिप्पट उजळतेवर येतात. ‘प्रिंट काळी आली’ या तक्रारींचे सर्वांत मोठे मूळ हेच आहे.

• खोलीकडे बघा. समोरची भिंत गुलाबी, वर रंगीत एलईडी पट्ट्या आणि खिडकीतून स्क्रीनवर ऊन, अशा ठिकाणी कुठलेही यंत्र उपयोगाचे नाही. भिंत राखाडी किंवा पांढरी आणि उजेड मंद, स्थिर असावा.

• महिन्यातून एकदा पुन्हा मोजा. स्क्रीनचा दिवा जुना होतो तसा रंग सरकतो.

ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांनी निदान विंडोजमधले ‘कॅलिब्रेट डिस्प्ले कलर’ किंवा ॲपलच्या संगणकातली तशीच सोय वापरून गॅमा आणि ब्राइटनेस लावून घ्यावी. ती डोळ्यांच्याच अंदाजाने होते, त्यामुळे तिला मर्यादा आहेत. तरी काहीच न करण्यापेक्षा बरी. आणखी एक गावठी पण खात्रीची युक्ती म्हणजे लॅबमधून एक नमुना प्रिंट मागवायची, चांगल्या उजेडात स्क्रीनशेजारी धरायची आणि दोन्हींचा उजळपणा जुळेपर्यंत मॉनिटरची ब्राइटनेस कमी करायची.

एक गोष्ट मात्र कॅलिब्रेशनला साधत नाही. जो रंग पॅनेलमध्येच नाही तो यंत्र आणू शकत नाही. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले असते. एसआरजीबीची पूर्ण चौकट दाखवायला ढोबळमानाने ७२ टक्के लागतात. म्हणजे असा लॅपटॉप चौकटीतले जेमतेम दोन तृतीयांश रंग दाखवतो. जुन्या टीएन पॅनेलमध्ये तर मान थोडी खाली-वर केली तरी रंग बदलतो. फोटोच्या कामासाठी आयपीएस पॅनेलचा, पूर्ण एसआरजीबी दाखवणारा मॉनिटर घेणे ही पहिली पायरी. कॅलिब्रेशन त्यानंतर.

‘ग्राहक तर मोबाइलवरच बघतो’

या विषयावरचा सर्वांत नेहमीचा आक्षेप हा. ग्राहकाचा मोबाइल व्हिव्हिड मोडवर, आत्याचा जुना, मामाच्या स्क्रीनला तडा गेलेला. मग स्टुडिओने एकट्यानेच कॅलिब्रेशन करून काय उपयोग?

आक्षेप बिनबुडाचा नाही, पण निष्कर्ष चुकीचा आहे. प्रत्येक मोबाइलची चूक वेगळ्या दिशेची असते. मूळ फोटो बरोबर असेल तर कुणाला तो थोडा उबदार दिसेल, कुणाला थोडा थंड, पण सगळे मधल्या खऱ्या रंगाच्या आसपास राहतील. मूळ फोटोच पिवळा असेल तर उबदार स्क्रीनवर तो कावीळ झाल्यासारखा दिसेल. चुकीवर चूक चढते. शिवाय मोबाइल दर दोन-तीन वर्षांनी बदलतो. फाइल आणि अल्बम मात्र तेच राहतात. आजची फाइल उद्याच्या चांगल्या स्क्रीनवर उघडली जाईल तेव्हा तिच्यातली चूक आणखी स्पष्ट दिसेल.

रंग बरोबर आणि चेहराही खरा

इथे एक अवघड मुद्दा बोलायलाच हवा. ‘जरा गोरे करून द्या’ ही मागणी स्टुडिओंना नवी नाही. पुष्कळदा ती न मागताच पुरवली जाते. वऱ्हाडातल्या उन्हात वाढलेल्या सावळ्या नवरीचा चेहरा अल्बममध्ये दुधासारखा, आणि हात मात्र मूळ रंगाचे, असे फोटो घरोघरी सापडतील. काही वेळा तो स्टुडिओचा निर्णय असतो. काही वेळा मात्र नुसता बिघडलेल्या स्क्रीनचा परिणाम असतो. गडद छटा नीट न दाखवणाऱ्या मॉनिटरवर सावळा चेहरा मुळातच काळपट आणि सपाट दिसतो, म्हणून एडिटर तो उजळवत सुटतो. नीट लावलेल्या स्क्रीनवर त्याच चेहऱ्यातला तांबूसपणा, गालावरचा उजेड, डोळ्यांखालची सावली सगळे वेगवेगळे दिसते. मग उजळवायची गरजच वाटत नाही.

कॅलिब्रेशनने गोरेपणाचा सोस जाणार नाही. पण ‘स्क्रीनवर असाच दिसत होता’ ही सबब जाईल. त्यापुढे जे होईल तो स्टुडिओचा आणि कुटुंबाचा जाणीवपूर्वक निर्णय असेल. आजीला नातसून अल्बममध्ये ओळखू यावी, एवढी अपेक्षा मोठी नाही.

शेताच्या बांधावरचा रंग

रंगाचा प्रश्न लग्नमंडपात संपत नाही. जिल्ह्यातले शेतकरी सोयाबीन, कपाशीच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून सल्ला मागतात. सोयाबीन पिवळे पडले तर कारण पांढऱ्या माशीमुळे पसरणारा पिवळा मोझॅक असू शकतो किंवा लोहाची कमतरता. कपाशीची पाने लाल झाली की लाल्याची शंका येते. एका निदानावर फवारणीचा खर्च, दुसऱ्यावर अन्नद्रव्याचा. संध्याकाळच्या उन्हात काढलेला फोटो हिरवे पानही पिवळसर दाखवतो, आणि पाहणाऱ्याची स्क्रीन व्हिव्हिड मोडवर असेल तर लाली दुप्पट वाटते.

इथे कुणी कलरीमीटर घेऊन फिरणार नाही. पण उपाय सोपा आहे : पान सावलीत धरायचे आणि शेजारी पांढरा कोरा कागद ठेवून फोटो काढायचा. कागद फोटोत पिवळा दिसला तर पानाचा पिवळेपणाही तितका वजा करायचा, हे पाहणाऱ्याला लगेच कळते. लोणारच्या उपग्रहामागचे तत्त्व हेच. माहीत असलेल्या रंगाशी तुलना केल्याशिवाय माहीत नसलेला रंग मोजता येत नाही. आणि नुसत्या रंगावर न जाता शिरा हिरव्या आहेत की पानभर ठिपके आहेत, हेही दिसेल इतक्या जवळून फोटो घ्यावा.

मग करायचे काय?

कलरीमीटर एका चांगल्या लेन्सपेक्षा कितीतरी स्वस्त येतो, पण छोट्या स्टुडिओला तोही खर्च वाटतो, हे मान्य. मात्र हे यंत्र महिन्यातून एकदा, अर्धा तास लागते. उरलेले दिवस ते खणात पडून असते. तालुक्यातल्या दहा-पंधरा फोटोग्राफरांनी मिळून एक घेतले आणि आळीपाळीने फिरवले तरी सगळ्यांचे भागते. दरवर्षी १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन येतो. हार-सत्कारासोबत त्या दिवशी ‘मॉनिटर आणा, तपासून घ्या’ असे शिबिर ठेवले तर वर्षभराच्या तक्रारी कमी होतील.

ग्राहकांनीही विचारायला शिकावे. लाख-दीड लाखाचे पॅकेज ठरवताना ड्रोन आहे का, प्री-वेडिंग आहे का, हे विचारले जाते. ‘मॉनिटर कॅलिब्रेट केलेला आहे का?’ हा प्रश्न त्या यादीत बसायला काहीच हरकत नाही. आणि अल्बम छापण्याआधी एक नमुना प्रिंट दाखवा, एवढे तरी मागता येते.

वाचकांसाठी शेवटची सूचना. फोटो निवडायला बसाल तेव्हा मोबाइलच्या सेटिंगमध्ये डिस्प्लेचा ‘नॅचरल’ किंवा ‘स्टँडर्ड’ मोड निवडा, रात्रीचा पिवळा फिल्टर बंद करा आणि उन्हात उभे राहून निर्णय घेऊ नका. या बातमीसोबत लोणारचा फोटो दिसत असेल तर तो दोन्ही मोडमध्ये पाहा. सरोवर तेच, फाइल तीच, गुलाबी मात्र दोन निघतील. २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळालेल्या या सरोवराचा खरा रंग पाण्याचे नमुने आणि उपग्रह होते म्हणून ठरवता आला. आपल्या घरातल्या लग्नासाठी उपग्रह येणार नाही. तिथे खरा रंग जपायची जबाबदारी स्टुडिओतल्या त्या एका स्क्रीनवरच आहे.